बर्माटीकचा माग

दिवेलागणीची वेळ आहे. कुणी भाकऱ्या थापत असेल, कुणी नुकतीच धार काढून आली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला एका लाकडाचा माग काढायला घेऊन जाणार आहोत. वाट जरा लांबची आहे. आपल्या घरातून निघून ती मुंबईला जाते, तिथून स्कॉटलंडला, मग ब्रह्मदेशाच्या जंगलात, आणि शेवटी परत आपल्या कोकणात, रत्नागिरीला येते.

सुरुवात झाली ती एका कपाटापासून. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी त्यांच्या आजेसासूबाईंचं जुनं कपाट आहे. वाळवीने त्याला तोंड लावलेलं नाही, पावसाळ्यातही दार फुगत नाही. "बर्माटीक आहे," असं ताई कौतुकाने सांगतात. एकदा गटाची बैठक त्यांच्याच ओसरीवर होती. आम्ही सहज विचारलं, "ताई, ज्यांचं हे कपाट, त्या आजींचं नाव काय हो?" ताई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "सगळे त्यांना काकीच म्हणायचे. सासरचं नाव बहुतेक लक्ष्मी. माहेरचं काही ठाऊक नाही."

लाकूड कुठल्या देशाचं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कपाट वापरणाऱ्या बाईचं माहेरचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला ते लागलं. आणि तिथूनच हा माग काढायचं आम्ही ठरवलं. हे लाकूड आणलं कुणी? त्या माणसाचं नाव सापडतं का? आणि त्याचं सापडत असेल, तर काकींचं का सापडत नाही?

बर्माटीक म्हणजे बर्माचा साग. बर्मा म्हणजे आजचा म्यानमार. आपली जुनी माणसं त्याला ब्रह्मदेश म्हणत. साग आपल्याकडेही होतो, मग तिकडून का आणायचा? त्याचं कारण आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागाची मोठमोठी जहाजं बांधत. तो साग यायचा मलबारच्या किनाऱ्यावरून. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'त्रिंकोमाली' नावाचं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, इतकं ते लाकूड टिकाऊ. सागात एक प्रकारचं तेल असतं, म्हणून ते पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. पण जहाजांसाठी मलबारची जंगलं तोडून तोडून चांगला जुना साग मिळेनासा झाला. त्यातच रेल्वे आली. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. डबे, पूल, स्टेशनं, सगळ्यांना लाकूड हवं होतं. मग व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. ब्रह्मदेशाचा दक्षिणेकडचा, समुद्राकडचा मुलूख १८५२ च्या लढाईनंतर इंग्रजांच्या हातात गेलेला होता.

या व्यापारात सगळ्यांत मोठं झालेलं नाव म्हणजे वॉलेस. हे घराणं इंग्लंडचं नव्हे, स्कॉटलंडचं. स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनच्या उत्तरेचा डोंगराळ, थंड मुलूख. त्याची राजधानी एडिनबरो. तिथले हे सहा भाऊ. १८४० नंतरच्या दहा वर्षांत ते मुंबईला येऊ लागले आणि १८४८ साली मुंबईत त्यांची पेढी उभी राहिली. त्या काळी स्कॉटलंडमधून पुष्कळ तरुण असे बाहेर पडत. घरात मुलं जास्त आणि मिळकत कमी, हे दुखणं आपल्याकडे आहे तसंच तिकडेही होतं. एक भाऊ आधी जाई, तो पाय रोवून मग दुसऱ्याला बोलावून घेई. आपल्याकडे रत्नागिरी-साताऱ्याची माणसं गिरणीत लागली, की मागोमाग भावाला, मेहुण्याला बोलावून घेत, तसंच हे.

वॉलेस भावांनी पुढे रंगूनला दुकान मांडलं आणि ब्रह्मदेशाचा माल मुंबईला आणायला सुरुवात केली. त्यांतल्या विल्यम वॉलेसच्या तिथल्या धंद्यातून १८६३ साली मुंबईत एक मोठी कंपनी उभी राहिली. तिचं नाव 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'. मुंबई आणि बर्मा, दोन्ही नावं तिच्या पाटीवरच होती. लंडनला भावांची आणखी एक पेढी होती. म्हणजे भांडवल लंडनचं आणि मुंबईचं, जंगल ब्रह्मदेशाचं, आणि कारभार स्कॉटलंडच्या एका घराचा.

आता समजा, या वॉलेस घराण्यातली एखादी पणती आज एडिनबरोत बसली आहे आणि तिला वाटलं, की आपल्या लाकूड-व्यापारी पणजोबांचा माग काढावा. तिला काय काय सापडेल? आम्ही हे मुद्दाम समजून घेतलं, कारण आपल्या पुढच्या बोलण्याला ते लागणार आहे.

पहिली जागा म्हणजे गावचं चर्च. स्कॉटलंडमध्ये चर्चच्या वहीत बाळाचा बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी होत. काही गावांच्या वह्या चारशे वर्षांहून जुन्या आहेत. दुसरी जागा खानेसुमारीची. १८४१ पासून दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन माणसांची नावं, वय आणि धंदा लिहून घेतलेला आहे. घरात त्या रात्री कोण कोण होतं, तेही त्यात कळतं. तिसरी जागा सरकारी दप्तर. १ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. शिवाय मृत्युपत्रं आहेत, जमीन-घराच्या खरेदीचे कागद आहेत, जुनी वर्तमानपत्रं आहेत, आणि कबरींवरचे दगड आहेत.

पणजोबा मुंबईला असताना त्यांचं लग्न झालं, बाळ झालं किंवा घरात कुणी दगावलं, तरी हरकत नाही. मुंबईतल्या चर्चमधल्या त्या नोंदींच्या प्रती जहाजाने लंडनला जात. त्या आजही तिथे जपून ठेवल्या आहेत. वॉलेस बंधूंच्या पेढीचे कागदही लंडनच्या दप्तरखान्यात आहेत. कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा तिचा इतिहासही छापून निघाला. म्हणजे त्या पणतीला घराबाहेर न पडता, फोनवरच, पणजोबांच्या आयुष्याचा मोठा भाग बघता येईल.

पण मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यांत नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. स्कॉटलंडच्या त्या १८५५ नंतरच्या नोंदींत माणूस मेला, की त्याच्या बापाचं नाव लिहीत आणि आईचंही लिहीत. आईचं नाव नुसतं 'अमक्याची बायको' असं नाही, तिच्या माहेरच्या आडनावासकट. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या आणि नवरीच्या, दोघांच्याही आयांची माहेरची आडनावं येतात. तिकडच्या जुन्या रिवाजात लग्न झालं तरी बाईचं माहेरचं आडनाव कागदावर पुसलं जात नसे. कबरीच्या दगडावरसुद्धा नवऱ्याचं नाव, आणि खाली बायकोचं तिच्या माहेरच्या आडनावाने, असं कोरलेलं असतं. त्यामुळे तिकडे माग काढणारी माणसं आजीच्या बाजूनेही मागे मागे जाऊ शकतात. बापाकडची वाट कुठे अडली, तर आईकडच्या वाटेने जाता येतं.

असं असलं म्हणजे तिकडच्या बायकांना सगळे हक्क होते असं नाही. लग्नानंतर बाईच्या पैशाअडक्यावर नवऱ्याचीच सत्ता चाले, तो कायदा बदलायला फार वर्षं गेली. मताचा अधिकार नव्हताच. पण नाव राहिलं, आणि नाव राहिलं म्हणून माग राहिला.

आता आपल्याकडे बघा. आपल्याकडेही वंशावळी आहेत. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलं, तर तीर्थोपाध्याय जुन्या वह्या काढून आपल्या खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवतात. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्यात घराण्याचा धागा बापाकडून मुलाकडे जातो. लेकी त्यातून गळतात. वर लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची आपली रीत. आडनाव जातं, बापाचं नाव जातं, आणि कित्येक घरांत जन्माचं पहिलं नावही जातं. काल माहेरी जी सुमन होती, ती आज सासरी लक्ष्मी. मग शंभर वर्षांनी सुमनला शोधायचं कुठे? ताईंच्या घरच्या काकींचं हेच झालं.

हे मनात ठेवा. आपण आता जंगलाकडे जाऊ.

सागाचा हा धंदा चाले कसा, ते ऐकण्यासारखं आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाड लगेच तोडत नसत. आधी बुंध्याभोवती साल आणि आतलं ओलं लाकूड काढून खोल कडं पाडत. मुळांकडून वर जाणारं पाणी बंद होई आणि झाड उभ्या उभ्या वाळे. दोन-तीन वर्षं ते तसंच ठेवत. मग तोडत. तोडलेला ओंडका हत्ती ओढत ओढत जवळच्या कोरड्या नाल्यात नेऊन टाकत. पाऊस लागला, नाल्याला पूर आला, की ओंडके वाहत मोठ्या नदीला लागत. तिथे ते बांधून तराफे करत, आणि तराफ्यांवर झोपड्या घालून माणसं ते समुद्राकडे नेत. झाडाला कडं पाडल्यापासून ओंडका रंगूनच्या वखारीत पोचेपर्यंत कित्येक वर्षं जात. मधे पाऊस कमी झाला, तर ओंडका नाल्यातच वर्षभर पडून राही. त्यामुळे या धंद्यात ज्याच्याकडे थांबायला पैसा, त्याचीच कंपनी टिकणार. वॉलेस बंधूंकडे तो होता.

कंपनीचा हिशेब चोख. प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याने कंपनीची खूण उमटवत. पुढच्या काळात तर कंपनीच्या प्रत्येक हत्तीची वेगळी वही असे. त्यात हत्तीचं नाव, वय, अंगावरच्या खुणा, आजारपण, सगळं लिहिलेलं. आम्ही हे वाचलं तेव्हा एकमेकींकडे बघत राहिलो. हत्तीणीचं नाव वहीत आहे. पण त्या जंगलात माहुताबरोबर राहणाऱ्या, पावसात चुली पेटवणाऱ्या, तापाने लेकरं गमावणाऱ्या बायकांची वही कुणी घातली नाही. जे कंपनीच्या मालकीचं, ते लिहिलं गेलं. कपाट घरात ठेवताना काकींना यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं, आणि आपल्यालाही नव्हतं.

आता गोष्ट राजाकडे वळते. ब्रह्मदेशाच्या उत्तर भागात अजून राजाचं राज्य होतं. राजधानी मंडाले. तिकडे साग हे राजाचं झाड मानत, राजाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नसे. वॉलेसच्या कंपनीने राजाकडून जंगलांचे मक्ते घेतले होते. त्यातलं निंग्यानचं जंगल मोठं, आज म्यानमारची राजधानी नेपिडॉ आहे त्या भागातलं. आधी राजा मिंडॉन होता. १८७८ साली त्याच्यानंतर त्याचा मुलगा गादीवर आला. त्याचं नाव थिबा. वय अवघं एकोणीस-वीस.

१८८५ साली राजाच्या मंत्रिमंडळाने कंपनीवर ठपका ठेवला. म्हणणं असं, की कंपनीने जेवढ्या ओंडक्यांचा महसूल भरला त्यापेक्षा कितीतरी जास्त ओंडके बाहेर नेले, आणि तोड करणाऱ्या तिथल्या लोकांचे पैसेही बुडवले. दंड ठोठावला तो जवळजवळ २३ लाख रुपये. कंपनी म्हणाली, आमचा हिशेब करारानुसार आहे. खरं-खोटं काय, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण हे भांडण नुसतं लाकडाचं राहिलं नाही. राजा फ्रान्सशी जवळीक करतो आहे, याची इंग्रजांना भीती होती. उत्तरेचा मुलूख गिळायला त्यांना निमित्त हवंच होतं. ते या दंडाने मिळालं.

ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता पाठवला. कंपनीचा दंड थांबवा, आमचा अधिकारी दरबारी ठेवा, परराज्यांशी व्यवहार आमच्या सल्ल्याने करा. थिबाने मान तुकवली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर फौज निघाली. ती गेली इरावती नदीतून आगबोटींनी, आणि त्या बोटीही एका स्कॉटिश कंपनीच्याच. दोन आठवड्यांत लढाई संपली. २९ नोव्हेंबर १८८५ ला राजा, राणी सुपयालत आणि त्यांच्या लहान मुली यांना राजवाड्याबाहेर काढून बैलगाडीतून नदीकाठी नेलं आणि बोटीवर चढवलं. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेशाचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. कंपनीचा दंड राहिला बाजूला, तिचे मक्ते पुढे वाढतच गेले. तिथल्या लोकांनी मात्र पुढे कित्येक वर्षं जंगलातून इंग्रजांशी झुंज दिली.

राणी तेव्हा गरोदर होती. आधी मद्रासला नेलं, तिथे तिसरी मुलगी झाली. मग एप्रिल १८८६ मध्ये सगळ्यांना समुद्रमार्गे रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? तेव्हा तिथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद. ब्रह्मदेशापासून दूर आणि राजाला पळून जायला वाट नाही, अशी जागा हवी होती. याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफर बादशहाला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं. आता रंगूनकडचा राजा इकडे आला.

रत्नागिरीला गेलेल्या आपल्यातल्या कित्येकींनी थिबा राजवाडा पाहिला असेल. खाडीच्या वरच्या उंच कड्यावरचा तो वाडा, अर्धगोल लाकडी खिडक्यांचा. पण राजा तिथे सुरुवातीपासून राहिला नव्हता. चोवीस वर्षं तो बंगल्यांमधून राहिला, आणि वाडा तयार झाला १९१० साली. सरकार नेमणूक देई, पण ती पुरत नसे. जवळचे दागिने, माणकं एक एक करून विकली गेली. परवानगीशिवाय कुठे जायला बंदी. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. त्याचं थडगं तिथेच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्या थडग्यापाशी येऊन गेले.

राजाला चार मुली. धाकटी रत्नागिरीतच जन्मली. मुली मोठ्या झाल्या, पण लग्न कुणाशी करायचं? राजघराण्यातला ब्रह्मी मुलगा हवा, तो इथे कुठून येणार? वर्षं गेली. थोरल्या राजकन्येचा जीव वाड्यावरच्या सावंत नावाच्या दरवानावर जडला. तो आधीच लग्न झालेला. १९०६ साली तिला मुलगी झाली. मुलीचं नाव टुटू.

राजा गेल्यावर १९१९ साली राणीला आणि मुलींना रंगूनला परत जायची मुभा मिळाली. टुटूही गेली. पण थोरलीचं तिकडे मन रमलं नाही, की तिकडच्यांनी रमू दिलं नाही, कोण जाणे. ती लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि इथेच राहिली. १९४७ साली ती गेली, तेव्हा घरात गरिबी होती. राजवाड्यात जन्मलेली ती मुलगी रत्नागिरीच्या मातीत मिळाली.

टुटू मराठीच बोलत वाढली. रत्नागिरीतच तिचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, मोठा संसार झाला. शेणाच्या गोवऱ्या थापून विकत तिने दिवस काढले. ब्रह्मदेशाच्या राजाची ही नात होती, मैत्रिणींनो. आजूबाजूच्या बायकांसारखीच लुगडं नेसणारी, पाणी भरणारी. २००० साली ती वारली. तिच्या शेवटच्या काळात लोक तिला शोधत आले, तिच्याबद्दल लिहिलं गेलं, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक तरी आहे. कुणी विचारायला आलंच नसतं, तर ती आपल्या काकींसारखीच गेली असती.

तर असा हा माग. एका टोकाला एडिनबरोचे लाकूड-व्यापारी भाऊ, आणि दुसऱ्या टोकाला रत्नागिरीत गोवऱ्या थापणारी टुटू. मधे सागाचे ओंडके. वॉलेस घराण्यातल्या पणतीने आपल्या पणजोबांचा शोध घेतला, तर तिला चर्चची वही सापडेल, कंपनीचा हिशेब सापडेल, कबरीचा दगड सापडेल. पण तेवढ्यावर ती थांबली, तर तिला पणजोबांची अर्धीच गोष्ट कळेल. उरलेली अर्धी रत्नागिरीत आहे, आणि ब्रह्मदेशाच्या त्या नावं नसलेल्या बायकांत आहे. एखाद्याचा पूर्वज मोठा झाला असेल, तर तो कशावर मोठा झाला, कुणाचं काय गेलं, हेही त्याच मागावर शोधायला हवं. आपल्या घराण्यांनाही हे लागू आहे. आपल्या पणजोबांनी वाडा बांधला हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वाड्याचे दगड कुणी वाहिले, हेही विचारावं.

वॉलेस भाऊ वाईट होते आणि राजा भला होता, इतकं सोपं हे नाही. थिबा गादीवर आला तेव्हा त्याच्या दरबाराने राजघराण्यातल्या पुष्कळ माणसांना मारलं होतं, हेही इतिहासात आहे. आमचं सांगणं एवढंच, की ज्यांच्याकडे वही होती, त्यांची गोष्ट टिकली. बाकीच्यांची कुणी विचारली तर टिकली, नाही तर गेली.

म्हणून आम्ही आमच्या गटात एक काम सुरू केलं आहे. तुम्हीही करून बघा. एक साधी दोनशे पानी वही घ्यायची. प्रत्येकीला दोन पानं. पहिल्या पानावर आपलं जन्माचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव, आणि सासरी ठेवलेलं नाव. खाली आईचं तसंच सगळं. मग आजीचं, आईच्या आईचं. जमलं तर पणजीचं. ठाऊक नसेल तिथे जागा मोकळी ठेवायची, खोटं भरायचं नाही. दुसऱ्या पानावर त्यांच्याबद्दल एक-दोन खऱ्या गोष्टी. त्या काय काम करत, कुठल्या दुष्काळात कुठे गेल्या, किती लेकरं जगली. गावात जी सगळ्यांत म्हातारी असेल, तिच्यापाशी आधी जा. तिचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. उद्यावर टाकू नका.

सरकारी कागदांतही आता थोडी वाट मोकळी झाली आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि इतर सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं आहे. मुलाचं किंवा मुलीचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं. सातबाऱ्यावरही बाईचं नाव येऊ शकतं. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा आपला उतारा काढून बघा, त्यावर आपलं नाव आहे का. नसेल तर तिथेच विचारा, काय करावं लागेल.

आणि हो, ताईंच्या काकींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. आम्ही गावातल्या एका नव्वदीच्या आजींपाशी गेलो. आजींना ऐकू कमी येतं. तीनदा ओरडून विचारलं. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काकी व्हय? ती तर आमच्याच माहेरच्या गावची. तिचं नाव यमुना." ताईंनी ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. घरी येऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलंय, यमुना. आडनावाची जागा अजून मोकळी आहे. ते आम्ही शोधतो आहोत.

तुमच्या वहीत पहिलं नाव कुणाचं आलं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी तीच नावं इथे वाचून दाखवू. येतो आम्ही. नमस्कार.